भिंत रंगवावी, बाग करावी की रस्ताच काही तास मागून घ्यावा?

गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, मंडळातली पोरं उत्साहात आहेत आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा एक कोपरा वर्षानुवर्षं तसाच पडून आहे. सांगलीत असे कोपरे कमी नाहीत. मग बैठकीत तीन सूचना येतात. कुणी म्हणतं भिंतीवर चित्रं काढू, कुणी म्हणतं ओपन स्पेसमध्ये झाडं आणि कट्टा करू, तर कुणी महिन्यातून एकदा रस्ता बंद ठेवून कार्यक्रम करायचं सुचवतो. बहुतेक मंडळं खिशाकडे बघून ठरवतात. माझ्या मते बघायचं ते संध्याकाळी सहानंतर त्या जागी कोण थांबतं हे.

भिंतीचा मोह सगळ्यात मोठा. दोन-तीन दिवसांत काम दिसतं, फोटो निघतात, नगरसेवक येऊन जातात. दिल्लीच्या लोधी कॉलनीत २०१५पासून सरकारी वसाहतीच्या भिंतींवर चित्रं आली आणि लोक त्या गल्ल्या मुद्दाम बघायला जाऊ लागले. पण तिथे रुंद पदपथ आणि जुनी झाडं आधीपासूनच होती, हे आपण विसरतो. आपल्याकडे त्याच भिंतीखाली गटार उघडं असतं आणि शेजारी माव्याची टपरी.

त्यात सांगलीची अडचण वेगळीच. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक या पट्ट्यात चित्राचा खालचा भाग पुरात जाणार असं धरूनच रेखाटन करायचं. ओल मुरलेल्या भिंतीला खार फुटतो आणि महागातला रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून काम पाऊस संपून भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. नवा गिलावा असेल तर त्याला निदान महिनाभर द्यावा, प्रायमर चुकवू नये आणि बाहेरच्या भिंतीसाठीचा ॲक्रिलिक रंगच वापरावा. घाटाच्या काळ्या दगडाला मात्र कुणी ब्रश लावू नये, तो दगड जसा आहे तसाच देखणा आहे.

थुंकणाऱ्यांसाठी देवादिकांच्या फरशा बसवायची एक पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती चालते, पण देवाला चौकीदार करणं मला पटत नाही. बेंगळुरूतल्या ‘द अग्ली इंडियन’ या गटाची युक्ती जास्त शहाणपणाची वाटते. स्वतःची नावं पुढे न करता २०१०पासून ही मंडळी असे कोपरे साफ करतात. भिंतीचा खालचा पट्टा गेरूच्या रंगाचा ठेवायचा, वरचा फिकट, आणि कचरा पडायचा तिथे कुंड्या मांडायच्या. कलाकृती म्हणून त्यात विशेष काही नाही, पण डाग उठून दिसत नाहीत आणि पुन्हा रंगवायला चित्रकार लागत नाही. मात्र घंटागाडीची वेळ लोकांना सोयीची नसेल तर कचरा तिथेच पडणार, मग चित्र कुणाचंही असो.

बागेचं गणित उलटं आहे. उद्घाटनाला दाखवायला फारसं काही नसतं आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार याचं नाव बैठकीत ठरत नसेल, तर या वाटेला जाऊच नये. मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालची बाग २०१६ला खुली झाली, पण त्याआधी काही वर्षं रहिवाशांनी पुलाखालचं पार्किंग आणि अड्डे हटवायला महापालिकेचा पिच्छा पुरवला होता. आपल्याकडे विश्रामबागेसारख्या भागातल्या मंजूर लेआउटमध्ये ओपन स्पेस कागदावर तरी असते. लेआउट मंजूर न होता गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या वस्तीत, म्हणजे गुंठेवारीत, तीही नसते. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचं पाणी तुंबतं आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पेव्हर ब्लॉक वर्षभरात वरखाली होतात. तिथे कमी बांधकाम आणि कडुनिंब, करंज अशी चिवट झाडं बरी. कट्टा बांधणार असाल तर आधी दिवा लावा. अंधारातल्या कट्ट्यावर कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मग त्या वाटेनं बायका, मुली जायचं टाळतात.

रस्ता मागून घेण्याचा पर्याय बैठकीत हसण्यावारी जातो. मला तोच सगळ्यात उजवा वाटतो, निदान सुरुवातीला. बोगोटात १९७४पासून दर रविवारी सकाळी रस्ते वाहनांना बंद करून सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना देतात. पुण्याने ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन केला. एवढ्या लांबही जायला नको. गणेशोत्सवात आपण रस्ता दहा दिवस अडवतो आणि कुणी कुरकुर करत नाही. तोच हक्क रविवारी सकाळी तीन तास वापरायचा. मुलांना खडू द्यायचे, आज्यांना रांगोळीसाठी डांबर मोकळं ठेवायचं, आणि एक पथनाट्य. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात कलाकार शोधावे लागू नयेत. १८४३ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं आणि ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, म्हणजे पहिल्या खेपेला तारीखही तयार आहे.

यात खर्च सगळ्यात कमी आणि फसलं तर मागे काही उरत नाही. कटकट आहे ती वाहतूक पोलिसांच्या परवानगीची, रुग्णवाहिकेला वाट ठेवण्याची आणि गल्लीतल्या दुकानदारांना राजी करण्याची. भडंगवाल्याला विक्री होणार म्हणून आनंद, हार्डवेअरवाल्याला टेम्पो अडणार म्हणून राग, हे होणारच. त्याच्याशी आधी बोला, पत्रक नंतर छापा. आणि दरवेळी मोठा स्पीकर लावणार असाल तर हा पर्याय सोडून द्या, तिसऱ्या रविवारी शेजारीच तक्रार करतील.

तर पूरपट्ट्यात असाल तर रस्त्याचा कार्यक्रम आणि जोडीला गेरूचा पट्टा, मोठ्या चित्राच्या फंदात पडू नका. गुंठेवारीत फक्त रस्ता, कारण तिथे दुसरी सार्वजनिक जागाच नाही. ओपन स्पेस असलेल्या कॉलनीतही आधी तीन-चार रविवार त्याच जागी सतरंज्या टाकून बघा. लोक सावलीसाठी कुठे सरकतात, म्हातारी माणसं कुठे टेकतात ते ध्यानात येईल आणि झाड, बाक कुठे हवं ते आपोआप ठरेल. तिथल्या कंपाउंड वॉलवर चित्र हवंच असेल तर ते शेवटी, मालकाच्या लेखी संमतीनं. भिंत सरकारी असेल तर महापालिकेकडून ना हरकत घ्यावी, कारण विनापरवाना रंगाला मालमत्ता विद्रूपणाचा १९९५चा कायदा आडवा येऊ शकतो. अर्जाची पोच घेऊन ठेवा, अधिकारी बदलला की तीच उपयोगी पडते.