बिनचुंबकी पोर्टचा एक्स्पांडर : काही महिन्यांच्या वापरानंतर

एक्स्पांडर म्हणजे स्तन काढल्यावर पुनर्रचनेसाठी कातडीखाली ठेवून हळूहळू फुगवायची पिशवी; कातडी ताणली की तिच्या जागी कायमचं इम्प्लांट बसतं. जुन्या एक्स्पांडरबद्दल तक्रार एकच, पोर्टमधलं (सुईने सलाइन भरायच्या तोंडातलं) चुंबक. सुई कुठे टोचायची ते सापडावं एवढ्यासाठी ते बसवलेलं, आणि तेवढ्यापायी एक्स्पांडर आत असेपर्यंत एमआरआय बंद. कर्करोगाच्या रुग्णाला मधेच पाठदुखी सुरू झाली, मणक्याची शंका आली, की नेमका एमआरआयच लागतो. चुंबक ओढलं जाऊन पोर्ट सरकू शकतो, उलटा होऊ शकतो, म्हणून सेंटरवाले नकार देतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

मोटिव्हा कंपनीच्या फ्लोरा या एक्स्पांडरमध्ये (अमेरिकेत मंजुरी 2023) चुंबकाच्या जागी आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी शोधता येणारी खूण आहे. एमआरआय चालतो, पण ठरावीक अटींवर. रुग्णाचं कार्ड आधी सेंटरला दाखवावं. पोर्टच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतंच.

भरण्याची पद्धत तीच. फाइंडरने (पोर्ट शोधायच्या उपकरणाने) खूण, कातडी निर्जंतुक, 21 किंवा 23 गेजची बटरफ्लाय सुई अगदी उभी, तळाचा कठीण ठोका लागेपर्यंत. तिरकी घातली तर पोर्टबाहेरचं कवच फुटतं आणि सलाइन झिरपत राहतं. एका वेळी 50-60 मिली पुरे. कातडी पांढरी पडली आणि दाबून सोडल्यावर रंग लवकर परतला नाही, तर तिथेच थांबून थोडं काढून घ्यावं. जुना फाइंडर बॅटरीशिवाय चालायचा. हा इलेक्ट्रॉनिक आहे, ओपीडीआधी चालू करून पाहायलाच हवा.

पहिली भरणी हवेने करणं सुरुवातीला थिल्लर वाटलं होतं. ते मत आता बदललं आहे. एक्स्पांडर स्नायूच्या वर ठेवला की सलाइनचं वजन थेट पातळ कातडीवर येतं आणि खालची बाजू ओढली जाते. हवेला जवळपास वजनच नाही. जखम सावरली की हवा काढून सलाइन भरायचं. मात्र तोवर विमानप्रवास नको : केबिनमधला दाब 8000 फुटांवरच्या इतका उतरू शकतो आणि मोकळी हवा साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगते.

याउलट एरोफॉर्म हा वायूने फुगणारा एक्स्पांडर. रुग्णाच्या हातात रिमोट, एका वेळी 10 सीसी कार्बन डायऑक्साइड, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, सुया नाहीत. कल्पना सुंदर होती, पण सोडलेला वायू परत काढता येत नव्हता. कातडी काळवंडायला लागली तर आतला ताण कमी करायचा कसा? कंपनी 2019 मध्ये बंद पडली.

किमतीचा प्रश्न असेल तर दोन-तीन महिन्यांत कायमचं इम्प्लांट बसणार आहे अशा रुग्णाला चुंबकाचा एक्स्पांडर चालेल. केमोथेरपीमुळे इम्प्लांट बसवणं लांबणार असेल, तर काटकसर दुसरीकडे करावी.