पिवळ्या रंगाखाली ऑक्सिजनचा सिलिंडर: राखीव हवा घेताना आमची झालेली फसवणूक

नाथसागरात आणि विहिरींत उतरून काम करणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. बुडालेली मोटार काढायची असो, जॅकवेलची (पाणी उपसायच्या विहिरीची) जाळी साफ करायची असो, नाहीतर पोलिसांनी बोलावल्यावर कुणाचा मृतदेह शोधायचा असो, खाली गाळ ढवळला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. त्यात केबल, दोर, जुने पाइप. अशा ठिकाणी मुख्य सिलिंडरने दगा दिला तर दुसरी हवा आपल्याच अंगावर पाहिजे. मुख्य सिलिंडरला जोडलेला जादा माउथपीस तेव्हा कामाचा नाही, कारण टाकी संपली की दोन्ही बंद. म्हणून स्वतंत्र रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून तोंडाला हवा देणारा) आणि स्वतंत्र गेज (दाब दाखवणारा) असलेला छोटा सिलिंडर, ज्याला पोनी म्हणतात, तो घ्यायचं आम्ही ठरवलं.

विकणारा मुंबईचा, डायव्हिंगचं जुनं सामान विकणारा. आधी त्याने हातपंपाने भरायची अर्ध्या लिटरची बाटली पुढे केली. "दादा, दहा मिनिटं आरामात चालते." तिचा हिशोब सोपा आहे. अर्धा लिटर, दाब 200 बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), म्हणजे 100 लिटर हवा. 20 मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट लागते, आणि घाबरलेला माणूस मिनिटाला 40 लिटरच्या आसपास ओढतो, म्हणजे तिथे 120 लिटर. एक मिनिटही पुरं होत नाही. ती आम्ही नाकारली.

मग त्याने "तीन लिटरचा, 200 बारचा, नुकताच टेस्ट केलेला" सिलिंडर दाखवला. हे माप बरोबर होतं. 20 मीटरवर सावरून माउथपीस बदलायला एक मिनिट, 120 लिटर. मिनिटाला 9 मीटरच्या चालीने वर यायला सव्वादोन मिनिटं, साधारण 180. अंगात मुरलेला वायू निघावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला आणखी 180. एकूण 480, आणि तीन लिटरच्या सिलिंडरमध्ये 600. टेस्टचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला, पैसे यूपीआयने गेले, आणि सिलिंडर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला. चकचकीत पिवळा, वासावरून रंग ताजा. सोबत निरोप: "भरूनच पाठवलाय, लगेच वापरा."

श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर आपल्या भागात शोधावा लागतो. पंक्चरच्या दुकानातली हवा इथे चालत नाही, तिचा दाब पुरत नाही आणि तिच्यात तेल असतं. आम्ही ज्यांच्याकडे भरतो त्या मामांनी सिलिंडर हातात घेतला आणि आधी मानेकडे पाहिलं. व्हॉल्व्हच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली. डायव्हिंगच्या सिलिंडरला सरळ आटे असतात आणि हवा रबरी ओ-रिंग अडवते, तिथे टेपचं काय काम? मामांनी खांद्यावर नाणं घासलं. पिवळ्याखाली पांढरा निघाला, थोडं खाली काळा. काळं अंग, पांढरा खांदा, म्हणजे दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर. जुने शिक्के पुट्टीने बुजवलेले. ती खरवडली तेव्हा कामाचा दाब 150 आणि क्षमता 2.2 लिटर निघाली. म्हणजे 330 लिटर. लागतात 480. आणि कागदावरचा नंबर सिलिंडरवर कुठेच नाही.

"हा मी भरणार नाही, आणि तुम्ही पाण्यात नेऊ नका," मामा म्हणाले.

मला खरा संताप येतो तो त्या "भरूनच पाठवलाय" या शब्दांचा. आत काय भरलं होतं? शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरच्या खाली विषासारखा होतो, आकडी येते, तोंडातला माउथपीस सुटतो आणि माणूस बुडतो. विहिरीच्या तळाशी ज्याच्यावर जीव सोपवायचा, तीच चीज जीव घेणारी निघाली असती. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत लोकांनी धावपळ करून असे छोटे सिलिंडर घेतले होते, ते नंतर पडून राहिले. ते रंगवून कुणाच्या पाठीवर बांधायला विकणं हा मी नुसता पैशाचा घोटाळा मानत नाही.

फोन केला तर आधी "रंग तुम्हीच बदलला असेल", मग "विकलेला माल परत नाही", मग ब्लॉक. पावतीवर दुकानाचा शिक्का नव्हता, पण यूपीआयची नोंद, चॅट आणि खरवडण्याचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. त्यावर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आणि पोलिसांत अर्ज दिला. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे नागपूरच्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या) या केंद्रीय कार्यालयाची मान्यता नसलेला सिलिंडर भरता येत नाही, हे अर्जात मुद्दाम लिहिलं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता जो पोनी घेतला तो आधी मामांसमोर ठेवला, मग पैसे दिले. खांद्यावरचे शिक्के बोटाने चाचपून वाचले: दाब, क्षमता, नंबर, हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचा) महिना-वर्ष. नंबर कागदाशी जुळवला. तो पाठीवर न बांधता छातीसमोर दोन हुकांनी अडकवतो, कारण केबलमध्ये अडकलो तर हाताशी पाहिजे आणि वेळ पडली तर सोबत्याला देताही येतो. माउथपीस गळ्यात रबरी पट्टीला, होज (नळी) पिवळी, म्हणजे अंधारात नाही तरी वर तपासताना घोटाळा होत नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवावा की उघडा यावर मतं दोन आहेत. गढूळ पाण्यात घाबरलेल्या हाताला व्हॉल्व्ह सापडत नाही, म्हणून आम्ही उघडा ठेवतो आणि उतरण्याआधी गेज दोघांनी पाहतो. त्यातली हवा कामाच्या हिशोबात कधीच धरत नाही.

त्या माणसाने तसाच आणखी एक पिवळा सिलिंडर, किंमत कमी करून, पुन्हा विकायला लावला आहे. फोटो मोठा करून मानेकडे पाहा, पांढरी टेप त्यातही दिसते.