पाड्यावरची नळयोजना: जीआय पाइप की एचडीपीई?

मोखाड्याकडच्या एका पाणी समितीतल्या ताईंनी विचारलंय: डोंगरातल्या झऱ्यापासून पाड्यावरच्या टाकीपर्यंत कोणता पाइप टाकावा, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी (जीआय) की प्लास्टिकचा (एचडीपीई)? कंपन्यांची पत्रकं बाजूला ठेवून सांगते.

वाहतुकीत एचडीपीई सरळ पुढे आहे. जीआयची नळी साधारण 6 मीटरची आणि जड. रस्ता संपला की खांद्यावरूनच न्यायची. लहान व्यासाच्या एचडीपीईची हलकी वेटोळी मिळतात, सांधेही कमी लागतात.

टिकाऊपणाचं मात्र नीट बघा. जीआय कालांतराने गंजतो, एचडीपीई गंजत नाही. पण तो उघडा पडला आणि वणवा आला, तर एका दुपारीत सगळी लाइन वितळते. म्हणून तो पुरलाच पाहिजे, साधारण मीटरभर खोल. शिवाय उतारावर उंचीच्या दर 10 मीटर फरकाला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो दाब वाढतो. पीएन 6 चा, म्हणजे साधारण 6 किलो दाब सोसणारा पाइप उंचीच्या 60 मीटर फरकापर्यंतच चालतो. पुढे वरच्या दर्जाचा पाइप किंवा मध्ये दाब तोडणारी टाकी हवी. अंदाजपत्रकात हे आहे का, आधी विचारा.

दुरुस्तीला जीआयला आटे पाडणारा माणूस लागतो. एचडीपीईचे लहान कपलिंग गावातली मुलं हाताने बसवू शकतात.

सांडपाण्यासाठी गटारलाइनच्या मागे लागू नका. माणशी रोज 55 लिटर पाण्यात, विखुरलेल्या घरांत ती तुंबते. शोषखड्डे पुरेसे आहेत, फक्त विहिरीपासून लांब घ्या.

चर खणण्याइतकी माती असेल तिथे एचडीपीई. उघडा कातळ आणि ओढ्यावरचा टप्पा, तेवढ्यापुरता जीआय.