लाल छातीचे तिघे: यातला पाम्पास मेडोलार्क कोणता?

अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाच्या आसपासच्या गवताळ भागात तारेच्या कुंपणावर लालभडक छातीचा पक्षी दिसला, की वहीत 'पाम्पास मेडोलार्क' लिहायला हात शिवशिवतो. जरा दमानं घ्या. लाल छातीची त्याची दोन भावंडं तिथंच वावरतात, लांबशेपट्या आणि पांढऱ्या भुवईचा. धोक्यात आहे तो फक्त पाम्पासवाला.

पांढऱ्या भुवईवाला लवकर बाजूला काढता येतो. तो तिघांत लहान, जेमतेम १८ सेंटीमीटर, शेपूट आखूड. नराच्या डोळ्यापुढे लाल ठिपका नसतो. बाकी दोघांत तो असतो.

खरी फसगत लांबशेपट्याशी होते. चिलीत यालाच 'लोइका' म्हणतात. दोघांच्या छातीचा लाल रंग ताडून बघण्यात वेळ घालवू नका. उन्हात तो कसाही दिसतो. पक्षी उडेपर्यंत थांबा आणि पंखांची खालची बाजू बघा. पांढरी दिसली तर लांबशेपट्या, विषय संपला. काळपट असेल, तर पाम्पासवाला असण्याची आशा धरा. बसलेल्या पक्ष्यात आकारमान (२१ विरुद्ध २५ सेंटीमीटर), आखूड चोच आणि नराच्या कुशीचा गडद काळेपणा पाम्पासवाल्याकडे बोट दाखवतात, पण हे सगळं शेजारी दुसरा पक्षी असेल तरच नीट कळतं. हिवाळ्यात मिश्र थवे होतात, तेव्हा अशी तुलना करायला मिळते.

जागेवरूनही अंदाज बांधता येतो. पाम्पासवाल्याला न नांगरलेलं, मूळचं गवत लागतं. घरटंही जमिनीवर, गवतातच. कुरणं मोडून पिकं आली तसतसा तो उरुग्वे आणि ब्राझीलमधूनही आटत गेला. पांढऱ्या भुवईवाला मात्र शेतातही मजेत राहतो. त्यामुळे पेरलेल्या रानात लाल छाती दिसली, तर आधी इतर दोघांचा संशय घ्या. वसंतात, म्हणजे तिकडच्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, पाम्पासचा नर गवतातून वर झेपावतो आणि गात गात खाली उतरतो. हवेतून गाण्याची सवय पांढऱ्या भुवईवाल्यालाही आहे, म्हणून निव्वळ गाण्यावर भिस्त ठेवू नका.

आणि मादी? तपकिरी, रेघारेघांची, पोटाला फिकट लालसर झाक. ती बसलेली असताना मी तरी नाव लिहीत नाही. उडाली आणि पंखाखालचं काळं दिसलं तर लिहितो, नाहीतर वहीत 'लाल मेडोलार्क, कोणता ते नक्की नाही' एवढंच.