ब्रेक ऑइल कमी होतंय : चाक बघायचं, बूस्टर बघायचं की नुसतं टॉप-अप?

आमची कॅम्पर म्हणजे जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली. मांजरसुंबा घाटात पॅडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं. ब्रेक ऑइलची डबी बघितली तर ऑइल खालच्या रेघेच्याही खाली. बीडला एका गॅरेजवाल्याने डबी भरून दिली, 'काही होत नाही' म्हणाला. पंधरा दिवसांनी ऑइल परत तिथेच.

तुमचंही असंच असेल तर आधी 'पॅड झिजले असतील' ही शक्यता निकालात काढा. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असेल तर पॅड झिजतात तसं ऑइल उतरतं, पण त्याला महिने लागतात आणि कुठे ओल नसते. नवे पॅड टाकले की पातळी आपोआप वर येते. पंधरा दिवसांत रेघ ओलांडली म्हणजे ऑइल कुठेतरी जातंय.

चाकाची गळती सापडायला सोपी. टायरच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर बघा. ओल्या जागी आपली काळी धूळ लगेच चिकटते. कॅम्परमध्ये एक घोळ असतो, बेसिनचं पाणीही खालीच ठिबकतं. म्हणून खाली पुठ्ठा टाका. पाणी वाळून जातं, ब्रेक ऑइल बोटाला बुळबुळीत लागतं. तपासायच्या आधी गाडी खालून धुऊ मात्र नका. हे ऑइल पाण्यात विरघळतं, मग शोधायचं काय? टाकीजवळून जाणारा ब्रेकचा पाइपही बघा, सततच्या ओलीने तो तिथेच गंजतो.

बूस्टर म्हणजे व्हॅक्युमवर, हवेच्या ओढीवर, पॅडलचा जोर वाढवणारा गोल डबा. त्याचं दुखणं छुपं. त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर, म्हणजे ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, बसवलेला असतो. त्याचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरमध्ये साठत जातं. चारही चाकं कोरडी, खाली थेंब नाही. आमचं हेच निघालं. दोन नट काढून मास्टर पुढे ओढला, मागच्या बाजूला बोट फिरवलं, पेरभर ओलं. पेट्रोल गाडीत हे ऑइल इंजिनात ओढलं जाऊन पांढरा धूर येतो. डिझेलला व्हॅक्युम पंप वेगळा, तेव्हा धुराची वाट बघू नका.

पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू बसतं, पण डबीतली पातळी हलत नाही? मग गळती नाही, मास्टरच्या आतला रबर कप गेलाय.

आता किट (नुसते रबर सील बदलायचा संच) की नवीन? व्हील सिलिंडरला, म्हणजे चाकातल्या छोट्या सिलिंडरला, विचारच करू नका, एका अ‍ॅक्सलचे दोन्ही नवे टाका. ऑइलने भिजलेले लायनर (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे पट्टे) पेट्रोलने धुऊन परत बसवू देऊ नका, मिस्त्री कितीही सांगो. मास्टरला किट चालतं, पण आधी बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, उजेडात बघा. खड्डे दिसले तर किटचे पैसे पाण्यात. आपल्या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि बोअर खराब होतो. शिवाय असं ऑइल लवकर उकळतं : डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रकारात उकळण्याची किमान मर्यादा कोरड्या ऑइलला २३० अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर १५५. भरलेली कॅम्पर घाट उतरताना हा फरक पॅडलला कळतो.

आमच्या बोअरला खड्डे होते. अख्खा मास्टर घेतला, बूस्टरमधलं ऑइल काढलं, सगळं जुनं ऑइल बदलून एअर काढली आणि डबीवर मार्करने रेघ मारली. कन्नडचा घाट उतरून-चढून आलो, ऑइल रेघेवरच आहे.