न्हावाशेवा ते मोंबासा : बाईक पाठवताना मी कसा फसलो

केनियातल्या मोंबासाच्या एका गोदामात माझी हिमालयन बाईक लाकडी खोक्यात उभी होती. खोक्यावर माझं नाव होतं, गाडीची किल्ली माझ्या खिशात होती, आणि तरी गाडी मला मिळत नव्हती. समोरच्या कारकुनाने एक कागद पुढे सरकवला. १,१८० डॉलर. रुपयांत जवळजवळ ९८ हजार. याच कामाचे ‘सगळं मिळून’ ४६ हजार मी पुण्यातून निघायच्या आधीच भरले होते.

मोंबासाला उतरून केपटाउनपर्यंत जायचं, हे माझं दहा वर्षांचं स्वप्न होतं. आता आपल्याकडची बरीच मुलं-मुली असे बेत आखतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. परदेशी गाडी पाठवायचं काम बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येतं. समोरचा काय करतोय ते कळेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं, आणि ही माणसं नेमकी त्यावरच जगतात.

माझं सगळं लक्ष कार्नेवर होतं. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच. तो एक वर्ष चालतो आणि त्यासाठी मोठी रक्कम हमी म्हणून अडकवावी लागते. ते जमलं तेव्हा वाटलं, आता अवघड असं काही उरलं नाही. जहाजासाठी तिघांकडून दर मागवले. त्यातल्या एका गृहस्थांनी इथला खर्च ५२ हजार लिहिला होता आणि वेगळ्या पानावर मोंबासात भरावे लागणारे अंदाजे ३९० डॉलर, एकेक आकार (शुल्क) मांडून. मला ते महाग वाटलं. त्यांचा दर मी नाकारला, आणि एका सरळ माणसाचं काम हातचं घालवलं याचं मला अजून वाईट वाटतं.

ज्या एजंटला काम दिलं तो फोनवर म्हणाला, “दादा, यात सगळं आलं. तिकडे फक्त गाडी उचलायची.” हे तो फोनवरच म्हणाला, आणि दोनदा म्हणाला. लेखी दरपत्रकात मात्र अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : पोहोचण्याच्या बंदरावरचे आकार प्रत्यक्षाप्रमाणे. ती मी वाचली होती. विचारलं तेव्हा “ते छापीलच असतं” असं उत्तर मिळालं. ते उत्तर मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागायला हवं होतं.

आता खोक्याबद्दल, कारण खरी फसवणूक खोक्यात होती आणि ती मला दोन महिने कळली नाही.

एका गाडीसाठी कोणी अख्खा कंटेनर घेत नाही. आपला खोका दहा-वीस जणांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जातो. या व्यवसायात त्याला एलसीएल म्हणतात. आकारणी घनमीटरवर, म्हणजे सीबीएमवर होते. वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल ते धरतात आणि एक टन बरोबर एक घनमीटर असा हिशोब असतो. हिमालयन दोनशे किलोच्या आसपास, त्यामुळे तिच्या वजनाला काही अर्थ नाही. सगळा खेळ खोक्याच्या मापाचा.

पुढचं चाक, हँडल, आरसे, काच काढून खोका लहान करायचा असं मी ठरवून गेलो होतो. अवजारंसुद्धा बरोबर होती. न्हावाशेवाला, द्रोणागिरीजवळच्या गोदामात एजंट मला म्हणाला, “कशाला हात काळे करता दादा, आमचा सुतार बघून घेईल.” सुताराने गाडी उभीच्या उभी बंद केली. खोका झाला २.४५ मीटर लांब, १.१५ रुंद आणि १.५० उंच. म्हणजे ४.२३ घनमीटर. चाक काढून बांधला असता तर १.९० बाय ०.७५ बाय १.१५ मध्ये, म्हणजे १.६४ घनमीटरमध्ये बसला असता. अडीचपट हवा मी समुद्रापार नेली. मला तेव्हा वाटलं, माणूस चांगला आहे, आपले कष्ट वाचवतोय.

पैसे भरल्यावर सहाव्या दिवशी “जहाज निघालं” असा निरोप आला. सोबत एका जहाजाचा फोटो. अठरा दिवस लागतील म्हणाला, म्हणून मी सोळाव्या दिवशी विमानाने मोंबासाला पोहोचलो. कंटेनरचा नंबर मागितला तर आज देतो, उद्या देतो. चार अक्षरं आणि सात आकडे एवढा तो नंबर असतो. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की कंटेनर कुठे आहे ते कोणालाही दिसतं. मोंबासात पाचव्या दिवशी नंबर मिळाला. टाकून पाहिला तर कंटेनर न्हावाशेवाच्या यार्डातच! कंटेनर भरायची वाट बघत माझा खोका तिथेच पडून होता. खोलीचं भाडं भरत मी मोंबासात आणखी २३ दिवस काढले. त्या दिवसांत मला झोप लागत नसे.

गाडी आली. केनियाच्या कस्टमने कार्ने आणि चासी नंबर ताडून पाहिला आणि दीड तासात शिक्का दिला. तिथे मला कोणी अडवलं नाही. अडवलं ते कंटेनर फोडणाऱ्या कंपनीने. तिची डिलिव्हरी ऑर्डर मिळाल्याशिवाय गोदामवाला खोक्याला हात लावू देत नाही, आणि ती ऑर्डर १,१८० डॉलर भरल्यावरच मिळणार होती. डॉक्युमेंट आणि डिलिव्हरी ऑर्डरची फी सोडली तर कागदावरचा एकूण एक आकार घनमीटरवर लावलेला. फुकटचे दिवस चारच, मग रोजचं गोदामभाडं सुरू. बीएल, म्हणजे माल जहाजावर चढवल्याचा कागद (बिल ऑफ लेडिंग), दाखवला, त्यावर ‘फ्रेट प्रीपेड’ लिहिलेलं होतं. कारकून शांतपणे म्हणाला, ते समुद्राचं भाडं, हे इथले आकार. शब्दशः त्याचं बरोबर होतं.

पुण्याला एजंटला फोन लावला. “तिकडचा एजंट वेगळा, माझा काय संबंध?” त्यानंतर फोन उचलला गेला नाही.

हे सगळं कसं चालतं ते मला एका कच्छी काकांनी सांगितलं. त्यांचं कुटुंब तीन पिढ्या मोंबासात, आणि त्यांनी आयुष्यभर माल सोडवण्याचंच काम केलेलं. चहा मागवून ते हिंदीत म्हणाले, “बेटा, तुमचा माल तिकडेच विकला गेला होता.” माल जिथे भरतात तिथे एजंटांपुढे दहा कंपन्या उभ्या असतात, म्हणून तिथे समुद्रभाडं शून्यावर येतं. काही वेळा उलट एजंटलाच दर घनमीटरमागे पैसे मिळतात. ते वसूल होतात माल उतरतो तिथे, कारण तिथे माल सोडवणाऱ्याला दुसऱ्या कोणाकडे जाता येत नाही. खोका जितका मोठा, तितका एजंटचा वाटा मोठा. सुतार माझे कष्ट का वाचवत होता, ते मला त्या टेबलावर कळलं. राग इतका आला की चहा तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट. विम्याचे म्हणून एजंटने माझ्याकडून साडेतीन हजार घेतले होते. खोक्याच्या एका कोपऱ्यातली फळी फुटलेली होती, तेव्हा गोदामातल्या माणसाने विचारलं, “बीमा?” स्वाहिलीतही विम्याला हाच शब्द आहे. प्रश्न कळला, पण दाखवायला माझ्याकडे पॉलिसी नव्हती. ती कधी काढलीच गेली नव्हती. नशिबाने गाडीला ओरखडाही नव्हता.

पैसे भरले. दुसरा मार्ग नव्हता.

तक्रार करायला गेल्यावर समजलं की एजंटचं नाव बीएलवर कुठेच नाही. बीएल दुसऱ्याच कंपनीचा. कस्टम ब्रोकरला २०१८च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि स्वतःच्या नावाने मल्टिमोडल बीएल काढणाऱ्याला १९९३च्या कायद्याखाली नौवहन महासंचालनालयात नोंदणी करावी लागते. त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. तो मधला माणूस होता, आणि माझ्या हातात होती फक्त त्याच्या बँक खात्यात पैसे टाकल्याची पावती. परवान्याचा आणि नोंदणीचा नंबर आधी मागून तपासायला अर्धा तास पुरला असता.

परतीला डर्बनहून गाडी पाठवली तेव्हा एका बाईकच्या दुकानातून रिकामा लोखंडी सांगाडा मिळवला. नव्या गाड्या त्यातूनच येतात. लोखंड असल्यामुळे, परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्याला लागतो तो उष्णता-प्रक्रियेचा शिक्का वगैरे प्रश्नच नव्हता. चाक आणि हँडल स्वतः काढलं, माप टेपने घेतलं, टेपसकट फोटो काढले आणि ते माप बीएलच्या मसुद्यावर आल्याशिवाय गाडी सोडली नाही. कंटेनर न्हावाशेवात जी कंपनी फोडणार होती तिला आधीच ईमेल करून तिथले सगळे आकार, गोदामभाड्याच्या दरासकट, लिहून घेतले. दोन्ही टोकांचे मिळून ८१ हजार झाले. जाताना तेच काम १ लाख ४४ हजारांना पडलं होतं, मोंबासातला मुक्काम वेगळा.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका मुलाचा फोन आला. गाडी गोदामात पोहोचली होती, सुतार फळ्या कापत होता. मी म्हटलं, खोक्याचं माप विचार आणि पलीकडच्या बंदरावर प्रत्येक घनमीटरला किती लागणार ते लेखी माग. त्याने फोन चालू ठेवूनच विचारलं. पलीकडून आवाज आला, “ते छापीलच असतं, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” मी त्याला म्हटलं, गाडी बाहेर काढ. संध्याकाळी त्याने टेम्पोत बांधलेल्या गाडीचा फोटो पाठवला. मागे पनवेलचा पूल दिसत होता.