फेलोशिप संपताना: विद्यापीठ, कंपनी की धोरणाचं काम?

संशोधनासाठी दोन वर्षांची फेलोशिप असेल, तर पुढच्या नोकरीचा विचार पहिलं वर्ष संपायच्या आत सुरू करावा लागतो. घाई वाटते, पण हिशेब सरळ आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या जाहिराती साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात, मुलाखती हिवाळ्यात होतात आणि रुजू व्हायचं ते पुढच्या शैक्षणिक वर्षी. ती एक खेप हुकली की वर्ष गेलं. कंपन्यांचं तसं नसतं. जागा निघाली की त्या भरतात, आणि तुम्ही सहा महिन्यांनी मोकळे होणार असाल तर थांबतीलच असं नाही. म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी प्रयत्न करायचे म्हटले तरी वेळापत्रक जुळत नाही. निवड त्यामुळेच आधी करावी लागते.

जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपीय संघाची मारी क्युरी, अमेरिकेची फुलब्राइट किंवा तशाच एखाद्या फेलोशिपवर आत्ता असलेल्या, किंवा ती नुकतीच हातात पडलेल्या माणसासाठी हा आढावा आहे. पुढे ठळक रस्ते तीन: विद्यापीठातली प्राध्यापकी, कंपनीतलं संशोधन, आणि सरकार किंवा अनुदानसंस्थांमधलं धोरणाचं काम. यांची तुलना बहुतेक वेळा पगार विरुद्ध स्वातंत्र्य अशी होते. मला ती अपुरी वाटते. मी दोन गोष्टी आधी बघेन: त्या रस्त्यावर फेलोशिपचं नाव किती काळ कामाला येतं, आणि नाही जमलं तर मागे फिरता येतं का.

आधी नियमांचा कागद काढा

काही जणांचा निर्णय अर्जावर सही करतानाच निम्मा झालेला असतो, फक्त त्यांना तो माहीत नसतो. फुलब्राइटवर अमेरिकेत गेलेले संशोधक जे-1 या देवाणघेवाणीच्या व्हिसावर असतात आणि त्यातल्या बहुतेकांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. ती पुरी होईपर्यंत एच किंवा एल प्रकारचा कामाचा व्हिसा मिळत नाही, कायम वास्तव्याचा परवानाही नाही. सूट मागता येते, पण सरकारी पैशावर आलेल्यांना ती सहज मिळत नाही. ब्रिटनची चिव्हनिंग ही पदव्युत्तर शिष्यवृत्ती. तिलाही किमान दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. अशा फेलोशिपवर असताना तिथल्याच कंपनीत नोकरी धरण्याची स्वप्नं रंगवण्यात अर्थ नाही. उलट मायदेशी परतून धोरणाच्या किंवा शिकवण्याच्या कामात शिरायचं असेल, तर हीच अट सोयीची ठरते, कारण माजी फेलोंचं जाळं तिथे दाट असतं.

मारी क्युरीचा नियम वेगळ्या प्रकारचा. तिथे परत जायची सक्ती नाही, पण यजमान देशात अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. थोडक्यात, ही योजना तुम्हाला हलतं ठेवते. हुम्बोल्टचा स्वभाव तिसराच: एकदा फेलो झालात की कायमचे फेलो. फेलोशिप संपल्यावरही पुन्हा काही महिन्यांसाठी जर्मनीत येऊन काम करण्याची सोय असते, आणि फेओडोर लिनेन नावाच्या योजनेतून जर्मनीतले तरुण संशोधक जगभरातल्या माजी हुम्बोल्ट फेलोंकडे काम करायला पाठवले जातात. तुम्ही पुढे स्वतःचा गट उभारलात तर बाहेरच्या पैशावर आलेला पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या करारावर काम करणारा संशोधक) तुमच्या दारात उभा राहू शकतो. ही सोय प्राध्यापकाला सोन्याची, कंपनीतल्या माणसाला जवळजवळ निरुपयोगी.

विद्यापीठ

फेलोशिपचं नाव सर्वांत जास्त वाजतं ते इथे. निवड समिती तुमच्या माहितीपत्रात दोन गोष्टी शोधते: हा माणूस स्वतःच्या कल्पनेवर पैसे मिळवू शकतो का, आणि याचा प्रश्न याच्या गाइडच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे का. नामांकित फेलोशिप पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याचं देत नाही, आणि बरेच फेलो इथेच अडकतात. दोन वर्षं यजमान प्रयोगशाळेच्या चालू प्रकल्पात गेली, पेपर आले, पण सगळ्यांवर शेवटचं, म्हणजे प्रमुखाचं, नाव यजमानाचं. मग फळ्यासमोरच्या मुलाखतीत उभं राहिल्यावर घाम फुटतो. या मुलाखतीत स्लाइड नसतात, खडू किंवा मार्कर घेऊन पुढच्या पाच वर्षांचं काम मांडायचं असतं. समोरून कुणीतरी पहिल्या दहा मिनिटांत विचारतंच, की हे तुमच्या जुन्या प्रयोगशाळेतच का होऊ नये? तुम्ही गेल्यावर ते लोक हेच करणार नाहीत कशावरून? याचं उत्तर तिथे सुचत नाही. ते यजमानाशी वर्षभर आधी बोलून ठरवलेलं असावं लागतं: कोणता प्रश्न, कोणते नमुने, कोणता डेटा मी घेऊन जाणार.

शक्यतांचं बोलायचं तर ते कडूच आहे. रॉयल सोसायटीच्या 2010 सालच्या एका अहवालात ब्रिटनमधल्या विज्ञानातल्या पीएचडीधारकांचं चित्र दिलं होतं: विद्यापीठात कायम संशोधक होणारे 3.5 टक्के, आणि शेवटी प्रोफेसर होणारे 0.45 टक्के. ब्रिटनमध्ये प्रोफेसर हे वरचं पद आहे, आणि आकडा सगळ्या पीएचडीधारकांचा आहे. निवडून आलेल्या फेलोंचं प्रमाण यापेक्षा नक्कीच बरं असणार. तरीही रांग किती लांब आहे हे त्यावरून कळतं. जर्मनीत तर कायद्याचंच घड्याळ आहे: पात्रता मिळवण्यासाठीच्या मुदतबंद नेमणुका पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं, वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ. त्यानंतर कायम पद मिळालं नाही तर त्या मार्गाने नवा करार नाही.

थांबत राहिलं तर फळ मिळतं, याचं उदाहरण म्हणून इमॅन्युएल शार्पेंतिए यांचं नाव नेहमी घेतलं जातं. पॅरिसमध्ये शिक्षण, मग अमेरिका, व्हिएन्ना, स्वीडनमधलं उमेओ, मग जर्मनी. 2014 साली हुम्बोल्ट प्रोफेसरशिप, 2020 साली रसायनशास्त्राचं नोबेल. खरं आहे सगळं. पण तेवढीच गावं फिरून, तेवढेच तात्पुरते करार करून जे कुठेच स्थिरावले नाहीत त्यांची यादी कोणी छापत नाही. फेलोशिप देणाऱ्या संस्थांच्या यशोगाथा वाचताना एवढं भान ठेवलं तर पुरे.

मागे फिरता येतं का? येतं, आणि हीच या रस्त्याची मोठी जमेची बाजू. कायम प्राध्यापक झाल्यावर आठवड्यातला एखादा दिवस कंपनीला सल्ला देणं बऱ्याच विद्यापीठांत चालतं, स्वतःची कंपनी काढता येते. शार्पेंतिए यांनीही क्रिस्पर थेराप्युटिक्स या जनुक-संपादनाच्या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी अनुदानसंस्थेमध्ये प्राध्यापकांनी काही वर्षं कार्यक्रम अधिकारी म्हणून जायचं आणि मूळ जागी परतायचं, ही जुनी पद्धत आहे. म्हणजे प्राध्यापकाला बाकीच्या दोन्ही घरी पाहुणा म्हणून जाता येतं. उलट्या दिशेने पाहुणचार तितका सहज होत नाही.

कंपनी

तुमचं आठ पानी माहितीपत्र इथे दोन पानांत बसवावं लागतं, आणि फेलोशिपची ओळ पहिल्या पानाच्या वरून खाली सरकते. समोरच्याला हवं असतं ते असं: कोणतं तंत्र हातात आहे, वेळेत काय पुरं केलंत, कोणाबरोबर काम केलंत. फेलोशिपचं नाव अर्ज उघडण्यापुरतं कामाला येतं. दोनेक वर्षांनी तिथे कोणी ते विचारत नाही.

पण कंपनीकडे जाणं म्हणजे संशोधन सोडणं, हा समज आता तरी टाकून द्यावा. डेमिस हसाबिस लंडनच्या यूसीएल विद्यापीठात हेन्री वेलकम पोस्टडॉक्टरल फेलो होते. 2010 साली त्यांनी इतरांबरोबर डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली, 2014 साली ती गूगलने घेतली, आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो कंपनीत बसून केलेल्या प्रथिनांच्या रचनेच्या कामासाठी. अर्थात सगळ्या कंपन्या डीपमाइंड नसतात. बहुतेक ठिकाणी पेपर पाठवण्याआधी कायदा विभागाची परवानगी लागते, आधी पेटंट मग प्रकाशन असा क्रम असतो, आणि चाललेला प्रकल्प तिमाही आकड्यांवरून बंद होऊ शकतो. प्रकल्प मेला तर पगार चालू राहतो, पण तीन वर्षांचं काम तुमच्या नावावर कुठेच दिसत नाही. मुलाखतीत पगाराआधी विचारायचा प्रश्न हा: या गटाने गेल्या वर्षी काय प्रकाशित केलं? उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या.

परत विद्यापीठात यायचं झालं तर विषयावर अवलंबून आहे. संगणकशास्त्रात आणि अभियांत्रिकीत कंपनीतला अनुभव भूषण मानला जातो. प्रायोगिक जीवशास्त्रात चार वर्षं पेपर नसतील तर अर्ज पहिल्या चाळणीतच गळतो. मानव्यविद्यांमध्ये हा रस्ता मुळात प्रयोगशाळेचा नाहीच. तिथे प्रकाशनसंस्था, संग्रहालयं, अभिलेखागारं यांच्याकडे जाणं होतं, आणि मोनोग्राफ, म्हणजे एकाच विषयावरचं स्वतःचं संशोधनाचं पुस्तक, आलेला असेल तर परतीचं दार जरा जास्त काळ उघडं राहतं.

कुंपणावर बसलेल्यांसाठी एक गोष्ट फारच कमी लोक वापरतात. मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या शेवटी विद्यापीठाबाहेरच्या संस्थेत सहा महिन्यांपर्यंत जास्तीचा काळ काढता येतो, आणि त्याचेही पैसे मिळतात. अडचण एकच: ते मूळ प्रस्तावातच मागावं लागतं. नंतर आठवून उपयोग नाही. ब्रिटनच्या फ्यूचर लीडर्स फेलोशिप तर थेट कंपनीतही घेता येतात. अजून अर्ज भरायचाच असेल, तर अशी सोय असलेली योजना मी आधी बघेन.

धोरणाचं काम

या रस्त्याबद्दल लोकांना सर्वांत कमी माहिती असते, आणि माजी फेलोंचं जाळं सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते इथेच. कारण या जागांची जाहिरात उशिरा दिसते, माणसं आधी ठरतात. काम म्हणजे काय? संसदीय समितीसाठी चार पानांचं टिपण, अनुदानसंस्थेत आलेले ढीगभर प्रस्ताव वाचून परीक्षक शोधणं, मंत्रालयात कोणीतरी विचारल्यावर उद्या सकाळपर्यंत उत्तर देणं. नव्वद टक्के खात्री असलेलं उत्तर आज द्यायचं की पूर्ण खात्रीचं सहा महिन्यांनी, या प्रश्नात ज्यांना आजचं उत्तर देताना झोप उडत नाही, त्यांचं इथे जमतं. बाकीचे वर्षभरात वैतागतात.

अमेरिकेत एएएएस ही वैज्ञानिकांची संस्था 1973 पासून वैज्ञानिकांना काँग्रेस (तिथली संसद) आणि सरकारी खात्यांमध्ये फेलो म्हणून पाठवते; ही योजना अमेरिकी नागरिकांपुरती आहे. भौतिकशास्त्रज्ञ रश होल्ट यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तशी फेलोशिप केली. पुढे ते प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेत सहायक संचालक झाले, 1999 ते 2015 प्रतिनिधिगृहात होते, आणि नंतर एएएएसचेच मुख्य कार्यकारी झाले. मला या प्रवासात मोलाचं वाटतं ते हे, की फेलोशिपनंतर ते लगेच राजकारणात गेले नाहीत. आधी विज्ञानाच्या घरात परतले.

कारण परत प्रयोगशाळेत यायला धोरणाचा रस्ता सर्वांत अवघड. दोन-तीन वर्षं पेपर नाहीत, तंत्र जुनं झालेलं, शिफारसपत्र देणारे यजमान तुम्हाला विसरत चाललेले. कायम पद मिळाल्यावर इथे आलात तर हीच दोन-तीन वर्षं मानाची ठरतात.

मग कोणी काय करावं

परतीची वाट मोजली तर विद्यापीठ जिंकतं. पण नेमक्या याच तर्काने माणसं एकेका तात्पुरत्या करारावर दहा-दहा वर्षं काढतात, म्हणून त्याला मर्यादा घालून घ्यावी असं माझं मत आहे. प्राध्यापकीच्या जाहिरातींच्या दोन खेपा पूर्ण ताकदीने लढवा. त्यात मुलाखतीची बोलावणी येत असतील आणि जागा थोडक्यात हुकत असेल, तर तिसरी खेप लढवायला हरकत नाही. दोन्ही खेपांत एकही बोलावणं नसेल, तर आणखी एका पोस्टडॉकने चित्र बदलेल असं मला वाटत नाही. तुमचं स्वतःचं वेगळं काम पहिल्या दीड वर्षात उभंच राहिलं नसेल आणि तरीही तुम्हाला काम आवडत असेल, तर कंपनीचा विचार आधी करा. तिथे गटात काम करणं हा दोष नसतो. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा हे मुद्दे असतील तर ते आधी मांडावेत, शेवटी नव्हे. तात्पुरत्या करारांची मालिका त्यांच्याच जिवावर चालते.

आणि निर्णयाआधी एक काम करा. तुमच्या फेलोशिपच्या माजी फेलोंच्या यादीतून तुमच्याच विषयातले, पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेले लोक शोधा. गाजलेले नकोत, साधेच. त्यांना मेल लिहा, तीन ओळींचा: मी अमुक तुकडीतला फेलो, अमुक विषय, वीस मिनिटं बोलता येईल का. नोकरी मागू नका. एकच जाळं असल्यामुळे उत्तर येण्याची शक्यता चांगली असते. फोनवर ‘तुमचं कसं चाललंय’ एवढंच विचारू नका. विचारा, की फेलोशिप संपली त्या महिन्यात तुमच्या हातात काय होतं: किती पेपर, किती अर्ज, किती नकार, आणि घरभाडं कुठून दिलंत.